बासवाला चहाला गेला

सगळे त्याला कानसेन म्हणत आणि त्याला ते आवडे. आवडतं हे तो कबूल करत नसे, एवढाच काय तो विनय.

धंद्याने तो चष्मेवाला. दिवसभर अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायचं, "आता बरं दिसतंय, की आता? पहिलं की दुसरं?" घरी आला की हाच खेळ कानांनी चालायचा. जॅझच्या जुन्या रेकॉर्डी कंपन्या पुन्हा पुन्हा काढतात. दर वेळी तबकडी जाड, पुठ्ठा जाड आणि किंमत त्याहून जाड. त्यातली कुठली घ्यावी, कुठलीत पियानो पत्र्याचा वाजतो, कुठलीत सॅक्सोफोन शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटतो, हे कानसेन ऐकून ठरवायचा आणि शौकिनांच्या एका संकेतस्थळावर लिहायचा. लोक त्याचं वाचून खिशात हात घालत, दुकानदार त्याचं वाचून माल मागवत. त्याचा नियम एकच होता आणि तो त्याने सगळ्यांकडून पाठ करून घेतला होता. दोन्ही रेकॉर्डी एकाच दिवशी, एकाच खोलीत, एकीपाठोपाठ एक ऐकायच्या. आठवणीवर भरवसा ठेवून लिहायचं नाही.

हा नियम त्याने एकदाच मोडला, आणि तोही बायकोच्या भावाच्या बाबतीत.

मेहुणा वयाने बराच लहान. कॉलेजात असताना दर रविवारी ताईकडे जेवायला यायचा आणि जेवण झालं की कानसेनच्या गालिच्यावर मांडी घालून बसायचा. जॅझमधला बास कसा ऐकायचा हे त्याला कानसेननेच शिकवलं. बास म्हणजे माणसाएवढं उंच, उभं धरून बोटांनी छेडायचं वाद्य. घरातल्या आईसारखं असतं ते, असेपर्यंत कुणाचं लक्ष नसतं, नसलं की घर ओकंबोकं. पुढे मेहुणा रेकॉर्डिंगच्या कामात शिरला, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या टेपा निस्तरत राहिला, आणि शेवटी चौघा जॅझवादकांच्या एका जुन्या चौकडीची मूळ टेप मिळवून त्याने स्वतःच्या नावावर रेकॉर्ड काढली. टेप होती त्या चौकडीतल्या बास वाजवणाऱ्याच्या म्हाताऱ्या बायकोकडे. तिच्याकडे आणखी एक टेप होती, कुणीच न ऐकलेली. "आधी ही नीट कर, मग ती देते," असं तिने मेहुण्याला सांगितलं होतं.

रेकॉर्ड घरी आली तेव्हा कानसेनने आधी ती वाजवली नाही. पुठ्ठा उलटा करून आभार वाचले. टेपवाल्या आजींचे आभार, छपाईवाल्याचे आभार, 'माझ्या ताईचे' आभार. ताईच्या नवऱ्याचं नाव नव्हतं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं. ते त्याने झटकलं, पण पुरतं झटकलं गेलं नाही.

त्याच सुमारास ऐकण्याच्या खोलीला नवा रंग दिला होता. स्पीकर बाहेर काढून पुन्हा लावले होते. वायरींना तो रंगाऱ्यांना सोडाच, बायकोलाही हात लावू देत नसे. त्या त्याने स्वतःच जोडल्या होत्या. हीच मैफल एका बड्या कंपनीनेही काढली होती, ती त्याने रंगकामाच्या आधी संकेतस्थळावरच्या एका दातांच्या डॉक्टरकडून उसनी आणून ऐकली होती आणि परत केली होती. पुन्हा मागायला जायचा त्याला कंटाळा आला. आपले कान काय विसरणार आहेत, असं म्हणून त्याने मेहुण्याची रेकॉर्ड लावली. आवाज पोकळ. बास जवळजवळ नाहीच.

त्याने लिहिलं. चांगलं खरमरीत लिहिलं. 'बड्या कंपनीच्या आवृत्तीत चौघे वाजवतात. या नव्या आवृत्तीत तिघेच आहेत. बासवाला बहुधा चहाला गेला आहे.'

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण वाक्य चटकदार होतं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. जो तो जिथे तिथे विचारू लागला, बासवाला चहा पिऊन आला का. दुकानांनी मेहुण्याचा माल परत पाठवला. ताईने जेवताना एकदाच विचारलं, "अहो, त्याला आधी फोन करून सांगता आलं नसतं का?" त्यावर कानसेन म्हणाला, "कानांना नातं नसतं." हेही वाक्य त्याला त्या वेळी बरं वाटलं होतं.

मग त्याने बड्या कंपनीची ती रेकॉर्ड स्वतःसाठी विकत घेतली. एवढी स्तुती केली, तर घरात असायला हवी. शनिवारी दुपारी ती लावली आणि तो खुर्चीत जरा पुढे सरकला. यातही बास नव्हता.

त्याने तिसरी रेकॉर्ड लावली, जिचा सूरन् सूर त्याला पाठ होता. तीही पोकळ. तेव्हा तो उठला, स्पीकरच्या मागे वाकला, आणि त्याने पाहिलं. उजव्या स्पीकरची लाल वायर काळ्या खुंटीला होती आणि काळी लालला. असं झालं की एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. वरचे सूर कसेबसे निभावतात, पण खालचे सूर हवेतल्या हवेत एकमेकांना खाऊन टाकतात. या छंदातली ही बाराखडी. नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात.

त्याने वायर सरळ केली आणि मेहुण्याची रेकॉर्ड लावली. बासवाला दोन स्पीकरच्या मधोमध येऊन उभा राहिला. बोट तारेवरून सुटताना लाकूड घुमलेलं ऐकू येत होतं. पाठोपाठ लावलेल्या बड्या कंपनीच्या रेकॉर्डीत ते लाकूड नव्हतं, नुसता दणका होता; त्याने पुन्हा मेहुण्याची लावली. मेहुण्याने काय काम केलं होतं! स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांची झाकणं थरथरून वाजू लागली आणि बायकोने ती हाताने दाबून धरल्यावर गप्प झाली.

कानसेनला इतकी लाज वाटली की त्याने आवाज बंद केला आणि खोलीचं दार लावून घेतलं. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण त्याने दुसऱ्यांना किती वेळा ऐकवली होती.

आता लगेच चूक कबूल केली असती, तर गोष्ट इथेच संपली असती. पण संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला.

"भाऊजी, उद्या येऊ का? तुमच्या खोलीत मला माझी रेकॉर्ड ऐकायचीय." त्याचा आवाज बसला होता. "आजी विचारतात, माझ्या नवऱ्याला कुठे घालवलंस? दुसरी टेप बड्या कंपनीला देते म्हणतात. मी पुन्हा पुन्हा ऐकलं, मला बास ऐकू येतो. म्हणजे माझेच कान गेलेत. एका सभागृहात माइक लावायची नोकरी मिळतेय, ती घेईन म्हणतो. पण आधी तुम्ही एकदा दाखवा, कुठे चुकलं."

"ये," कानसेन म्हणाला. सांगायला तोंड उघडलंही होतं, पण ते 'ये' म्हणून मिटलं.

रविवारी सकाळी बायको भाजी आणायला गेली होती. कानसेन स्पीकरच्या मागे गेला आणि त्याने उजवीकडची वायर पुन्हा उलटी केली.

का केली? विचारलं असतं तर तो म्हणाला असता, फक्त आजच्यापुरती. पोराने येऊन ऐकावं, आपलं म्हणणं खरं ठरावं, मग सावकाश, चारचौघांत हसं न होता काहीतरी मार्ग काढता येईल.  खुंटी पिळताना आपण काय करतोय हे बोटांना नीट कळत होतं.

मेहुणा आला. खुर्ची रिकामी असूनही जुन्या सवयीने गालिच्यावर बसला. कानसेनने सुई टेकवली. पियानो वाजला, सॅक्सोफोन वाजला, आणि खाली काहीच नाही. मेहुण्याने मान किंचित डावीकडे वळवली, मग उजवीकडे. एकदा त्याने स्पीकरच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. कानसेन पुठ्ठ्यावरची अक्षरं वाचत राहिला.

तेवढ्यात दुकानातल्या बाईंचा फोन आला, एका गिऱ्हाइकाची फ्रेम सापडत नव्हती. रविवारी दुकान उघडं ठेवल्याबद्दल कानसेनला तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. तो गॅलरीत गेला आणि फ्रेम सापडल्यावरही बोलत राहिला. परत आला तेव्हा रेकॉर्ड थांबली होती आणि मेहुणा स्वयंपाकघराच्या दारात ताईशी बोलत उभा होता.

"ऐकलं, भाऊजी," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलं ते या खोलीत खरं होतं."

"मग?"

"मग काही नाही. समाधान झालं." आणि खाली वाकून नमस्कार करून तो गेला. कानसेनला पाय मागे घ्यायलाही सुचलं नाही.

बायको पोळपाट धूत होती. पाठ फिरवूनच ती म्हणाली, "वायर उलटी होती म्हणाला. सरळ केलीय त्याने. तुम्हाला सांगू नको म्हणाला. रंगकामात झालं असेल, भाऊजींना उगाच लाजल्यासारखं होईल, म्हणाला."

कानसेनने वळून खोलीतल्या स्पीकरकडे पाहिलं.

"काल माझी झाकणं वाजत होती," ती म्हणाली. "हे मी त्याला सांगितलं नाही." नळ बंद करून ती दुसऱ्या कामाला लागली.

जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं म्हणतात. जमीन तसं काही करत नाही. कानसेनला त्याच फरशीवर उभं राहावं लागलं. लहान पोराने आपली लाज झाकली होती, आणि झाकताना त्याला ठाऊकही नव्हतं की ती केवढी मोठी आहे.

संध्याकाळी त्याने संकेतस्थळावर लिहिलं. रंगकामाच्या गडबडीत एक वायर उलटी जोडली गेली, दोष माझ्या खोलीचा, रेकॉर्ड उत्तम आहे, बड्या कंपनीच्या आवृत्तीपेक्षा सरस आहे. मेहुण्याची क्षमा मागितली. रविवारच्या सकाळबद्दल लिहिलं नाही. 'जोडली गेली' या दोन शब्दांवर तो बराच वेळ अडला होता, पण ते बदलले नाहीत.

लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. एवढा मोठा माणूस आणि चूक कबूल करतो! माणूस असावा तर असा! दातांच्या डॉक्टरने तर त्याच्या प्रामाणिकपणावर लांबलचक लिहिलं. कानसेन एकेक वाचत गेला आणि प्रत्येक शब्द त्याला थोबाडीत बसल्यासारखा लागला. चष्म्याच्या दुकानात "आता बरं दिसतंय?" असं विचारताना त्याला गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे बघवेना.

काही दिवसांनी मेहुण्याचा फोन आला. बायकोही जवळ होती म्हणून कानसेनने आवाज मोठा केला.

"भाऊजी, टेप मिळाली! आजींना तुमचं लिहिणं वाचून दाखवलं. रडल्या हो. दुकानंही पुन्हा मागवतायत. तुमच्याएवढं मन माझ्याच्याने झालं नसतं. आता एक करा, माझी रेकॉर्ड लावा ना. त्या खोलीत बास आलेला मला ऐकू दे."

कानसेनने रेकॉर्ड लावली. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. बासवाला मधोमध येऊन उभा राहिला, आणि फळीवरची झाकणं वाजू लागली. आज बायकोने त्यांच्यावर हात ठेवला नाही.

"फोनवर बास कसला ऐकू येतोय," मेहुणा हसत म्हणाला. "पण मागे ते काय खुळखुळतंय?"

"झाकणं," कानसेन म्हणाला. "डब्यांची."

"माझ्या बासने? क्या बात है! आज पहिल्यांदाच वाजली ना?"

बायको दारात येऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हो म्हणणं सोपं होतं. एका अक्षराचं काम.

"नाही," कानसेन म्हणाला. "तू आलास ना, त्याच्या आदल्या दिवशीही वाजली होती."

पलीकडे हसू थांबलं. मेहुण्याचे कान चांगले होते. त्याला काही समजावून सांगायची गरज नव्हती. खोलीत बास वाजत राहिला आणि झाकणं खुळखुळत राहिली.