नॅटचा पंख

वादळ सुटलं तेव्हा सुभद्राबाई अंगणात बाजेवर बसून कांद्याचं बी पाखडत होत्या. डोळ्यांत धूळ जायला लागली म्हणून सूप उचलून त्या आत गेल्या, आणि मागोमाग शेजारच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या विमानाचा पंख सुटून बाजेवर आदळला. बाजेचा पाय मोडला. ओट्यावर बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने, महादेवरावांनी, ते डोळ्यांनी पाहिलं.

गच्ची त्यांच्या धाकट्या भावाची, खुशालरावची. एकाहत्तरच्या लढाईत खुशाल हवाई दलात नॅट विमानांच्या दुरुस्तीवर होता. नोकरी संपली, पुढे बायकोही गेली, तेव्हा तो अंजनगाव सुर्जीला परतला. भावाच्या शेजारी घर बांधलं आणि अकोल्याच्या एका कारागिराकडून पत्र्याचं नॅट करवून गच्चीवर चढवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तो सांगायचा, "एवढंसं इमान, पण पाकिस्तानच्या त्या मोठ्या सेबर जेटले घाम फोडला त्यानं."

महादेवरावांचं तोंड त्या नावानेच कडू व्हायचं. हवाई दलाच्या नागपूरच्या भरतीला दोघे भाऊ एकाच एसटीने गेले होते, दोघेही निवडले गेले होते. वडील म्हणाले, मळा पाहायला एक पाहिजे. थोरला म्हणून महादेवराव राहिले. वांगी, कोबी, पानमळा, सगळं त्यांच्याच अंगावर पडलं. आईच्या अखेरच्या दुखण्यात अमरावतीच्या दवाखान्यात तिच्या उशाशी तेच होते. खुशाल पोचला तो थेट तेरवीला. पंगती उठल्या आणि माणसं त्याच्याभोवती नॅटच्या गोष्टी ऐकत बसली. महादेवराव उष्ट्या पत्रावळी उचलत होते. म्हातारी कशी गेली, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

वादळ ओसरताच खुशाल धावत आला.

"पंख वाकला काय, दादा?"

महादेवरावांनी मोडकी बाज दाखवली. "इथं तुयी वैनी बसून होती."

"लागलं तं नाही ना तिले? मंग झालं." बोलता बोलता तो खाली वाकला आणि पत्र्याच्या कडेवरून हात फिरवायला लागला.

"हात काढ. पंख इथंच राहीन."

"काहून?"

"मी म्हणतो म्हणून."

महादेवरावांनी पंख गोठ्यात ओढून नेला आणि साखळीने खुंट्याला बांधून कुलूप घातलं. खुशालने गावातल्या किसनरावांना मध्यस्थीला पाठवलं. महादेवरावांनी त्यांना चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. शेवटी एका सकाळी खुशाल स्वतःच अंगणात येऊन उभा राहिला. आवाज चढले तशी फाटकापाशी माणसं जमली.

"तू जळतं, दादा. मी गेलो, तू राहिला, त्याचा राग पत्र्यावर काढून राहिला."

"जळतो. तू तिकडं इमान पुसत होता तवा मी इकडं मायचं अंथरूण धूत होतो. तुया घरात मायचा एक फोटो नाही. इमान मात्र हाय."

"नॅट नसतं तं..."

"माया दारात त्याचं नाव काढू नको."

"काढीन. जिंदगीत मले तेवढंच एक चांगलं पाहायले भेटलं."

महादेवरावांना वाटलं, याच्या एक कानाखाली द्यावी. त्यांनी पाऊल उचललं, तेवढ्यात सुभद्राबाई किल्ली घेऊन बाहेर आल्या आणि ती त्यांनी खुशालपुढे ओट्यावर टाकली.

"घेऊन जा, भाऊजी."

"तू मधात पडू नको," महादेवराव म्हणाले.

"यायनं माई विचारपूस करावी म्हणून पंख अडवून धरला ना तुमी? अशी मागून घेतलेली विचारपूस मले नको." मग त्या दिराकडे वळल्या. "आन् भाऊजी, यापुढं आमच्या आंगनात पाय ठेवू नका. दिवाळीलेही नाही."

खुशालने मान खाली घालून किल्ली उचलली. गोठ्यात जाऊन त्याने साखळी सोडली, पण पंख एकट्याला पेलणारा नव्हता. एक टोक उचललं की दुसरं फरशीवर घासायचं, आणि तो आवाज दातांत शिरायचा. महादेवरावांनी मागचं टोक उचलून खांद्यावर घेतलं. माया वगैरे काही नव्हती, ती वस्तू लवकर दाराबाहेर जावी, एवढंच. माणसांनी बाजूला होऊन वाट दिली. म्हातारे दोघे भाऊ पंख घेऊन रस्त्यावर आले.

आणि मागे न पाहता, सवयीने, खुशाल बोलायला लागला. "नॅटचा पंख बी असाच, दादा, वर खांद्याले जोडलेला असते. अन् त्याची चाकं अर्धी खाली सोडली का, तेच ब्रेकचं काम..."

महादेवरावांनी आपलं टोक रस्त्यावर ठेवून दिलं. भाऊ थांबला. वळून पाहील, असं त्यांना क्षणभर वाटलं. तो वळला, पण पंखाचं टोक चेपलं का ते पाहायला.

महादेवराव घरात गेले नाहीत. तसेच मळ्याकडे निघाले. वांग्यांना पाणी द्यायचं होतं. मागे पत्रा डांबरावर घासत राहिला, आणि एका वळणानंतर तो आवाज ऐकू येईनासा झाला.