रत्नपाल पडत नाही

"काहून पडली तू? मी तर अजून काही केलंच न्हाई."

पुनमचंद राठोड गादीवर उभा राहून विचारत होता. निलम उठून केस सारखे करू लागली. शाळेत मास्तरीण असली तरी खोटं बोलण्यात ही पोरगी अगदीच कच्ची. "तुमीच फिरवलं ना काका," असं म्हणून तिनं व्यंकटराव सरांकडं पाहिलं. सर खिडकीबाहेर बघू लागले. म्हणजे त्यांचीही फूस होतीच.

पुसेगावच्या समाजमंदिरात रोज सकाळी सहाला आयकिडो या जपानी युद्धकलेचा वर्ग भरतो, हे हिंगोलीत सांगितलं तरी कुणाला खरं वाटत नाही. व्यंकटराव सर पुण्यात हे शिकले, गावी येऊन त्यांनी जुन्या गाद्यांवर ताडपत्री ताणली आणि अकरा वर्षं वर्ग नेटानं चालवला. यात हारजीत नसते. एकानं मनगट धरायचं, दुसऱ्यानं अंग वळवून त्याच्याच जोरावर त्याला खाली न्यायचं, मग अदलाबदल. धरणाऱ्याला जपानीत उके म्हणतात, पुसेगावात सरळ पडणारा म्हणतात. त्याचं काम भलतं अवघड. खरं धरायचं, पण समोरच्याला झेपेल एवढंच. आणि खरोखर तोल गेला तरच पडायचं. आधीच लोळण घेतली तर समोरचा आयुष्यभर चुकीचं शिकतो.

पुनमचंदचा पडणारा अकरा वर्षं एकच, रत्नपाल. पुनमचंद तांड्यावरचा, विहिरीवरच्या जळक्या मोटारींत तांब्याची तार भरून देणारा. रत्नपाल गावातला, टपाल वाटणारा. दोघं पन्नाशीचे आणि दोघंही हट्टी.

दिवाळीनंतर एका सकाळी पुनमचंदनं त्याचं मनगट धरलं आणि रत्नपाल फिरवायचं सोडून थांबला.

"डावा हात ढिला काहून लागून राहिला रे?"

"झोपेत अंगाखाली आला असंल."

"अकरा वर्षं तू मला धरून राहिला. ही तुझी पकड न्हाई."

झालं. पुनमचंदला चपलासुद्धा घालू न देता रत्नपालनं भाड्याच्या जीपमध्ये कोंबलं. आधी हिंगोली, तिथून नांदेड. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. वेळेत आणलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं वाचलं, चालणं वाचलं, डावा हात तेवढा मागं राहिला.

चार महिन्यांनी पुनमचंद वर्गात परत आला, तेव्हा रत्नपाल टपालखात्याच्या प्रशिक्षणाला पंधरा दिवस बाहेर होता. इकडं सगळं जग पुनमचंदवर मेहरबान झालेलं. बायको रूपाबाई शर्टाच्या गुंड्या लावून देई. गिऱ्हाईक "आराम करा" म्हणून मोटार गुपचूप सेनगावला नेई. आणि वर्गात तो ज्याला हात लावी, तो धाडकन पडे. पहिले दोन दिवस त्याला बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं. मग कळलं की आपला हात गेला, आता हा परत तार ओढणार नाही, असं सगळ्यांनी मनात ठरवूनच टाकलंय. निलम पडली त्या सकाळी त्यानंही ठरवलं, उद्यापासून यायचं नाही.

रत्नपाल त्याच दिवशी परत आला होता. दारात उभं राहून त्यानं निलमचं पडणं पाहिलं, चपला काढल्या आणि सरळ गादीवर येऊन पुनमचंदचं डावं मनगट धरलं.

"चल, फिरव मला."

पुनमचंद वळला. रत्नपाल जागचा हलला नाही. पुन्हा वळला. तेच. तिसऱ्या वेळी त्याला घाम फुटला आणि निलमनं मान खाली घातली.

"रत्नपाल, जरा सबुरीनं," सर म्हणाले. "आजारातून उठलाय तो."

"सर, मी पडलो तर ह्याला वाटंल, झालं बरं. तुमालाबी तसंच वाटंल. आन् हात असाच राहील." मग तो पुनमचंदकडं वळला. "तकलीफ होऊन राहिली का? झाली तर सांग, लगेच सोडतो. पण पडणार न्हाई."

पुनमचंदला खरं तर राग यायला हवा होता. उलट त्याचा ऊर भरून आला. चार महिन्यांत त्याच्याकडं जोर मागणारा हा पहिला माणूस. जीव वाचवला तेव्हाही त्याला रत्नपालचे एवढे उपकार वाटले नव्हते.

मग रोज तेच. पुनमचंदचा हात थकलेला असला की रत्नपाल पकड जराशी सैल करी, ताजा असला की पुन्हा आवळी. पडत मात्र नसे. रूपाबाईनं त्याला घरी बोलावून चांगलं फैलावर घेतलं, "काहून छळून राहिले तुमी त्यांना?" त्यानं तिच्या हातची भाकर खाल्ली, पिठलं आणखी मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीही पडला नाही.

दीड महिना झाला. उन्हाळा भरात आला. एका सकाळी पुनमचंद कमरेतून जरा खाली गेला, वळला आणि हात पुढं गेला. रत्नपाल आपल्या पायांकडं बघत राहिला.

"टाच उचलली गेली," तो म्हणाला.

"कुणाची?"

"माझी. उजवी. पडलो न्हाई, पण उचलली गेली."

दुसरं कुणी म्हणालं असतं तर पुनमचंदनं विश्वास ठेवला नसता. हा माणूस दीड महिना एकदाही खोटा पडला नव्हता.

"तू होता म्हणून रे, रत्नपाल," एवढंच त्याला बोलता आलं.

"बरं बरं. नमस्कार कर आता, माझं टपाल पडून आहे."

सराव संपला की जोडीदारांनी एकमेकांना हात जोडायचे, अशी सरांची शिस्त. दोघं समोरासमोर गुडघ्यांवर बसले. पुनमचंदचा उजवा हात छातीशी आला. डावा मांडीवरून निघाला, अर्ध्यात थांबला, पुन्हा निघाला. रत्नपालनं हात जोडून मान लववली होती. तो हात पोचेपर्यंत त्यानं ती वर केली नाही.