खुरप्याची मूठ

बद्रीनाथनं सळईचं टोक इंजिनाच्या डोक्यावर टेकवलं आणि लाकडी मूठ उजव्या कानाला लावली. गाडी चालू होती. पलीकडं त्याचा मुलगा काकासाहेब रेस एकसारखी धरून उभा होता. दोघांच्या मध्ये पेट्रोलची टाकी.

बजाजनगरच्या त्या गल्लीत दारोदार मोटारसायकली होत्या, पण घरच्या घरी गाडी खोलणारा बद्रीनाथ एकटाच. त्याची हत्यारं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असत. साखळीला तेल सोडायला इंजेक्शनची सिरिंज. कार्बोरेटरच्या भोकातली घाण काढायला सायकलच्या चाकाची तार. पेट्रोल उतरवायला सलाइनची नळी. टायर उचकटायला दोन जाड चमचे. ते परत मागणं त्याच्या बायकोनं, आशाबाईनं केव्हाच सोडून दिलं होतं. आणि ही सळई. मोडलेल्या खुरप्याच्या मुठीत ठोकून बसवलेली. इंजिन कुठं कुरकुरतंय, ते तिच्यातून थेट कानात येई.

काकासाहेब लहान असताना बाप मुद्दाम एखादा नट सैल करायचा, गाडी चालू करायचा आणि ही सळई त्याच्या हातात द्यायचा. सांग, कुठं दुखतंय हिचं? रविवारचा तो खेळच होता. आज बाप आंघोळीला गेल्यावर मुलानं तेच केलं होतं. तो पुण्याहून त्यासाठीच आला होता.

शेताचा शेजारी बन्सी यानं त्याला फोन केला होता. गंगापूर रस्त्यावर मागून टेम्पो हॉर्न मारून मारून थकला, पण तुझा बाप रस्ता सोडंना.

"त्या बन्सीला काय कळतं? त्याला बैलगाडीसुदीक नीट हाकता येत नाय," बद्रीनाथ म्हणाला होता.

"मग आज तुमी सांगा, अण्णा. बरुबर सांगितलं तर माझं काय बी म्हननं नाय. नाय सांगता आलं, तर गाडी मी नेतो."

गाडी गेली म्हणजे शेत गेलं. भाड्याची जीप फाट्यावरच उतरवणार, पुढं मोसंबीच्या बागेपर्यंत कच्चा रस्ता, आणि गुडघे तेवढं चालू देत नव्हते. नोकरी संपल्यापासून त्या झाडांकडं जाणं यालाच तो दिवस म्हणत असे. उरलेला वेळ दोन खोल्यांत जायचा.

मुठीतून कानात काहीच येत नव्हतं. एक जाड भणभण होती, पण ती गाडी बंद असतानाही असायची. कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या दणदणाटात सगळी नोकरी गेली, त्यातली तेवढी शिल्लक होती.

त्यानं टाकीवरून एकदा मुलाकडं पाहिलं. मग खाली काहीतरी बघतोय असं दाखवत मान वाकवली आणि मूठ दातांत धरली.

आवाज नाही, ठोका आला. जबड्यातून वर चढून कानशिलात वाजला. सळईचं टोक त्यानं मागं टेकवलं. तिथं नुसती थरथर. पुढं सरकवलं. तिथं टकटक, स्वच्छ, दारावर कुणी नख मारावं तशी. त्यानं डोळे मिटले आणि दाढ आणखी घट्ट आवळली.

डोळे उघडले तेव्हा समोर उंबऱ्यावर आशाबाई बसली होती. पुढ्यात मेथीची जुडी. हात थांबलेले. त्यानं मूठ तोंडातून काढली. तिनं खाली बघून एक काडी खुडली.

"पुढच्या टॅपेटचा नट," तो उठत म्हणाला. "कर बंद."

काकासाहेबानं गाडी बंद केली. वाकून स्टँडकडं बघता बघता तो काहीतरी बोलला. बद्रीनाथला त्याची पाठ दिसत होती. तो तसाच उभा राहिला.

"किती ढिला केला व्हता, त्ये इचारतोय," उंबऱ्यावरून आशाबाईनं मोठ्यानं सांगितलं.

"अर्धा आटा. त्याच्यावर नाय."

काकासाहेब वळला. तो हसत होता, आणि त्याचे ताठलेले खांदे जरा सैल झाले होते.

"मानलं बुवा. बन्सीकाकाचेच कान तपासाया पाहिजेत." त्यानं हात पुढं केला. "आना ती सळई, ठिवतो डब्यात."

त्याच्या आधी आशाबाईनं ती घेतली. मुठीवर दातांच्या ताज्या ओल्या खुणा होत्या. तिनं मूठ पदरात धरून पुसली आणि सळई डब्याच्या तळाशी घातली, चमच्यांच्या खाली.

"आधी च्या पे," ती मुलाला म्हणाली. "निवला."

इंजिन गार झाल्यावर बद्रीनाथनं बिस्किटाच्या पुड्याचा कागद घडी घालून फटीत सरकवून पाहिला, नट आवळला आणि झाकण बसवलं. काकासाहेबानं गाडी चालू करून त्याच्याकडं पाहिलं. आता चांगली वाजत असणार. बद्रीनाथनं मान डोलावली.

बद्रीनाथ निघाला तेव्हा आशाबाई चपला घालून, जेवणाच्या डब्याची पिशवी घेऊन दारात उभी होती.

"तू कुठं?"

"शेतात."

"तुझं काय काम तिथं?"

"हाय काम. रोजच यीन म्हनते."

तो पुढं काही बोलायच्या आत ती मागं बसली होती.

वाळूजच्या पुढं रस्ता मोकळा झाला. इतकी वर्षं ती मागचा कॅरिअर धरून बसायची. आज तिचा हात त्याच्या उजव्या खांद्यावर होता. थोडं अंतर गेल्यावर तो हात जोरात दाबला गेला. त्यानं गाडी डावीकडं घेतली, आणि एक एसटी त्याच्या अंगावरून वारा टाकत पुढं गेली. पुढच्या वळणाअलीकडं पुन्हा तसंच झालं. या वेळी उसाचा ट्रक होता.

"खांदा का दाबती?" त्यानं पुढं बघतच विचारलं.

ती काही बोलली की नाही, त्याला कळलं नाही.

त्यानं वेग कमी केला. डावीकडचा आरसा हातानं थोडा वर, थोडा आत वळवला. आधी त्यात तिचा पदर आला, मग हनुवटी. आणखी जरासा वळवल्यावर तोंड आलं. ती त्याच्याकडंच बघत होती.

तिचे ओठ हलले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून:

"म्होरं बघा."