गुणी होता म्हणून

कंपास पेटीच्या झाकणावर खिळ्यानं नाव कोरलेलं होतं – शिवम – आणि आत पट्टी, कर्कटक असलं काहीच नव्हतं, ठिबकच्या नळ्यांचे काळे जोड होते, मातीनं भरलेले. वसंत त्या पेटीकडेच बघत बसला, कारण समोर वांगी निवडणाऱ्या सरुबाईंकडे बघणं त्याला जड जात होतं.

पिंपळीतलं हे घर आटोपलं की परतायचं होतं. सकाळपासून इतका चहा झाला होता की तोंडाची चव गेली होती. हा कंटाळा नव्हे... कंटाळ्यात निदान दुसरं काही करावंसं वाटतं. अर्थशास्त्राचा प्राध्यापक, निवृत्तीला आलेला, आणि अजून तोच प्रश्न घेऊन दारोदार – शाळा सुटलेली मुलं गुन्ह्याकडे वळतात का? विमल, त्याची बायको, म्हणायची, वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलास, शेतात कधी पाय ठेवला नाहीस, आता म्हातारपणी कसल्या लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस?

तो भावांच्या जोड्या शोधायचा. एक शिकलेला, एक घरच्यांनी शाळेतून काढलेला. आईबाप तेच, रान तेच, ताटातलं कालवण तेच. तरी पुढे काढलेलाच जास्त वेळा पोलिसांच्या हाती लागतो, म्हणजे फरक शाळेचा – हे त्याचं म्हणणं, आयुष्यभराचं. पण प्रत्येक परिषदेत कुणीतरी चष्मा पुसत उठायचंच: अहो, आईबाप वांड पोरालाच काढतात, ते शिकलं असतं तरी वांडच राहिलं असतं. ह्यावर वसंतकडे उत्तर नव्हतं. म्हणून तर ही पायपीट.

"मावशी, दोघांतल्या कुणाला काढायचं, हे कसं ठरवलंत?"

"त्यात काय ठरवायचं?" सरुबाईंचे हात थांबले नाहीत. "ह्यांची कंबर धरलेली, वांग्याची तोड आलेली. सुयोगला काढला असता तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. शिवमला म्हनलं, उद्यापास्नं साळंत जाऊ नगं. बरं म्हनला. पेटीतलं सामान भावाला दिलं, अन् पेटी ठिबकला घिऊन गेला." मग हात थांबले. "हुशार त्योच हुता, सर. बाई घरी आल्या हुत्या सांगाया, काढू नका म्हनून... गुणी हुता म्हनून काढला."

हेच! – वसंतच्या आत काहीतरी टुणकन उडालं – वांड नव्हे, हुशार, शब्दाबाहेर न जाणारा मुलगा काढलेला, आणि तोच तुरुंगात. एका घरानं काही सिद्ध होत नाही, पण अशी घरं मिळतात तर! आता पुसा म्हणावं चष्मा... त्याचं पेन भराभर चालू लागलं, आणि मग एकदम थांबलं. मी आनंदलो. ह्या बाईच्या मुलानं पाण्याच्या पाळीवरून एकाच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा घातला, तो माणूस पुन्हा उठला नाही, आणि मी इथे तिचा चहा पिऊन आनंदलो. त्याला स्वतःची शिसारी आली.

"उद्या भेटीचा दिस हाय," सरुबाई म्हणाल्या. "सुयोग काय येत न्हाय, पुण्याहून सुट्टी मिळत न्हाय म्हनतो. मी एकटीच जाते. सर, तुमी एवढी घरं फिरला. खरं सांगा. साळंत ऱ्हायला असता तर त्याच्या हातनं हे झालं नसतं?"

ह्याच प्रश्नाचं उत्तर तो मंत्रालयातल्या बैठकीत पडद्यावर आलेख दाखवून ठणकावून देत आला होता. इथे त्यानं पेनाला टोपण लावलं. शंभर मुलांबद्दल सांगता येतं, एकाबद्दल नाही – हे खरंच होतं, विद्यार्थ्यांना तो हेच शिकवायचा – पण आत्ता ते खरं त्याला पळवाटेसारखं हवं होतं.

"एका मुलाचं असं नाही सांगता येत, मावशी."

"म्हंजी, शिकला असता तरी झालं असतं?"

वांग्याचे काटे टोचून टोचून काळवंडलेली तिची बोटं... ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"झालं असतंही."

"व्हय ना?" तिनं इतका मोठा श्वास सोडला की जणू कुणी डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. "त्याला तसंच सांगते. शिकलेले सर म्हनले म्हनून. त्यो मला काय बोलत न्हाय हो कधी. नुसता बघतो."

निघताना तिनं पिशवीभर वांगी दिली. नको म्हणवेना.

बारामतीच्या रस्त्यावर पिशवी शेजारच्या सीटवर कलंडत होती, आणि तो एका हातानं ती सावरत होता. खोटं तर बोललो नाही... खोटं नाही. वहीत मात्र 'गुणी होता म्हणून' लिहिलेलं होतं, ते आता खोडता येणार नव्हतं. अहवालात ते जाणार, त्याच्या बाजूनं उभं राहणार, आणि तो जितका खरा ठरेल तितकी ही बाई दोषी... वसंतला तो चष्मा पुसणारा माणूस आठवला. ह्या खेपेला तरी तोच खरा असावा, माझी सगळी वर्षं पाण्यात जावीत, शाळेनं काही म्हणता काही फरक पडत नाही असं निघावं – असं त्याला मनापासून वाटलं, आणि असं निघणार नाही हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.