शिडीजवळचा सात नंबर

संशय घेण्यात रंगाऱ्याचा हात धरणारा त्या कारखान्यात दुसरा कोणी नव्हता. चहा खारट लागला तर चार माणसं म्हणतात, "मीठ पडलं वाटतं." हा विचार करायचा, का पडलं? परवाच त्याला तसा चहा मिळाला होता. रविवारची सुट्टी घालवून स्वयंपाकघर रंगवलं, त्याचं हे फळ! बायको एवढंच म्हणाली, "नावं झाकणांवर आहेत, डब्यांवर नाहीत. झाकणं कोणी काढली होती आणि कोणी लावली, ते जरा आठवा." त्याने आठवलं नाही. संशयी माणसाला आठवतं ते दुसऱ्याचं.

त्या सकाळी तो डबा आणि ब्रश घेऊन गॅसच्या टाक्यांवरच्या माळ्यावर चढला. कारखाना वार्षिक दुरुस्तीसाठी बंद होता. वर टाकीमागे एक असे आठ सेफ्टी व्हॉल्व होते. टाकीतला दाब वाढला की व्हॉल्व आपोआप उघडतो आणि गॅस पाण्याच्या हौदात सोडतो. तो उघडला नाही तर टाकी स्वतःच उघडते, आणि मग चौकशी समितीखेरीज कोणाला काही काम उरत नाही. म्हणून दरवर्षी निम्मे व्हॉल्व उतरवून तपासायचे. उतरवताना पान्ह्याने नटांवरचा रंग खरवडला जातो. तेवढा पुन्हा लावणं हे रंगाऱ्याचं काम. हातातल्या यादीत पहिलाच सात नंबर होता. 'उतरवला, तपासला, बसवला.' खाली फिटरची सही.

टाक्यांना नंबर खरेदीच्या क्रमाने दिलेले, त्यामुळे वर सातच्या शेजारी दोन आणि दोनच्या पलीकडे आठ असा कारभार होता. पण सात नंबर शिडीजवळचा, हे रंगाऱ्याने झोपेतही सांगितलं असतं. तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. सगळ्या नटांवर त्याचा तीन महिन्यांपूर्वीचा पिवळा रंग जसाच्या तसा होता. पान्हा तर सोडाच, माशीही बसलेली दिसत नव्हती.

म्हणजे व्हॉल्व उतरवलाच नव्हता. सही मात्र झाली होती. बाकीचे बघायची त्याला गरजच वाटली नाही, कारण सही करणारा फिटर त्याचा सासरा होता. डबा न उघडताच तो खाली उतरला.

संध्याकाळी सासरे चहाला आले. रंगाऱ्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, सात नंबर जड होता म्हणे?"

"सगळेच जड असतात, जावईबापू. वयाने माणूस हलका होतो, लोखंड नाही."

उडवाउडवी! रंगाऱ्याने मनात नोंद केली.

"सोबत कोण होतं?"

"वेल्डर होता."

"मंगळवारी ना? मंगळवारी तुम्ही पाऊण तास कॅन्टीनमध्ये होतात."

"पोलिसात कधी लागलात?"

"सोडा हो बाबा," बायको म्हणाली. "यांना परवापासून मीठ चढलंय."

सासरे हसले. इतकं हसण्यासारखं काय होतं, हेही रंगाऱ्याला खटकलं.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू होणार होता आणि दहाला सात नंबरची टाकी भरायची होती. सकाळी कामावर जाताना बायको दोन पावलं पुढे चालत होती आणि रंगारी तिच्या पाठीकडे बघत हिशोब घालत होता. तोंड उघडलं तर तिच्या बापाची नोकरी जाईल. नाही उघडलं, तर तिचा पॅकिंग विभाग त्या टाकीपासून तीस पावलांवर, मधे एक भिंत. फाटकाशी त्याचा धीर सुटला. तो वर्कशॉपमध्ये गेला.

"मामा, वर चला."

वर गेल्यावर त्याने बोट दाखवलं. "हा नट बघा. आता सांगा, हा कधी उघडला?"

सासऱ्यांनी चष्मा लावला. पण त्यांनी नट बघितला नाही. तारेने टांगलेली पाटी बघितली.

"हा कसा उघडेन? हा चार आहे."

"सात आहे!"

"वाचा."

पाटीवर चार होता. सातची पाटी पार भिंतीकडच्या व्हॉल्ववर लटकत होती आणि त्याचे नट खरवडून चांदीसारखे चमकत होते.

"पाटी वाचल्याशिवाय मी पान्हा लावत नाही," सासरे म्हणाले. "हातात रोज नवा व्हॉल्व येतो, चेहरे कुठे लक्षात ठेवू? आता तुम्ही सांगा, या पाट्या शेवटच्या कोणी काढल्या होत्या?"

आता मात्र रंगाऱ्याला आठवलं. तीन महिन्यांपूर्वी पाहुणे यायचे होते. रंगवताना त्याने आठही पाट्या काढून रिकाम्या डब्यात टाकल्या होत्या आणि खालून मॅनेजर ओरडायला लागल्यावर हाताला येतील तशा टांगल्या होत्या. मीठ-साखरेच्या झाकणांसारख्या.

बाकीच्या सहा पाट्या दोघांनी ताडून बघितल्या, त्या नशिबाने आपापल्या जागी होत्या. भिंतीकडचा, म्हणजे खरा चार, गेल्या वर्षी तपासला होता. यंदा सात समजून पुन्हा तोच. खऱ्या साताला दोन वर्षं कोणी हात लावला नव्हता.

रंगाऱ्याने घड्याळ बघितलं. नऊ. मग त्याने दोन्ही तारा बघितल्या.

"दोन मिनिटांचं काम आहे, मामा. पाट्या बदलल्या की झालं. कागद बरोबर आहेतच."

"कागद बरोबर होतील, सही खोटी होईल. आणि पोरगी भिंतीपलीकडे बसते." सासऱ्यांनी शिडीकडे हात केला. "उतरा. आधी तुम्ही."

"आधी मी का? माझ्यावर संशय?"

"काल चहावर तुम्ही माझा तासभर घेतलात. मी दोन मिनिटं घेतो."

रंगारी उतरायला लागला. अर्ध्या शिडीवर थांबून त्याने वर बघितलं, न जाणो सासरेच पाट्या बदलत असतील. सासरे कठड्यावरून खाली त्याच्याकडेच बघत होते.

मॅनेजरसमोर तो एका दमात म्हणाला, "पाट्या मी चुकवल्या. शिडीजवळचा व्हॉल्व तपासलेला नाही. टाकी भरू नका." मॅनेजर पंधरा मिनिटं ओरडला, पण ओरडण्याआधी त्याने भरणं थांबवलं, एवढं त्याचं मान्य केलं पाहिजे.

व्हॉल्व उतरवून तपासणीच्या टेबलावर लावला. पंधराच्या दाबावर तो उघडायला हवा होता. काटा पंधरावर गेला. सतरावर. वीसवर. व्हॉल्व ढिम्म. मॅनेजर दोन पावलं मागे सरकला. सासऱ्यांनी दाब सोडून तो खोलला, तेव्हा आतली स्प्रिंग आणि तिची बैठक गंजून एकजीव झाली होती. पॅकिंग विभागातून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. तो कोणालाच खटकला नाही.

त्या आठवड्यात नंबर व्हॉल्वच्या अंगावरच ठोकून घेतले, आणि रंगाऱ्याला रंग सोडून कशालाही हात लावायची बंदी झाली.

रविवारी सासरे चहाला आले. रंगाऱ्याने मान खाली घालून साखरेचा डबा पुढे केला. सासऱ्यांनी झाकण वाचलं. मग बोटाच्या टोकावर दोन दाणे घेऊन जिभेला लावले, आणि त्यानंतरच चमचा बुडवला.

"विश्वास आहे हो, जावईबापू," ते म्हणाले. "चव घेऊन आहे."