सुन्न व्हायला दहा मिनिटं

नर्मदाबाईंनी नाकाला धरलेला पदर बाजूला केला आणि उलट डॉक्टरणीलाच धीर दिला.

"भिऊ नका मॅडम. जाळायचं म्हणलं तर मी काय पळून जाणार न्हाई. माझं आयुष्य त्यातच गेलं."

निवेदिता मॅडम हसल्या. नाकातली शीर फुटून चार दिवस रक्त थांबत नव्हतं, ती जाळून बंद करायची होती. नर्मदाबाईंना त्यात नवल काहीच नव्हतं. राणीसावरगावात पोट फुगलेलं तान्हं पोर आणलं, की त्या विळ्याचं टोक चुलीत लाल करून पोटावर डागणी देत. चाळीस वर्षं देत होत्या. पोर किंचाळलं, की म्हणायच्या, रडू द्या, रोग निघायलाय. उद्या सकाळी चतुराबाई दोन महिन्यांची नात घेऊन येणार होती, म्हणून त्यांना घरी जायची घाई होती.

मॅडमनी औषधात भिजवलेला कापूस हलकेच नाकात सरकवला.

"दहा मिनिटं थांबायचं, आजी."

"कशाला?"

"आतून सुन्न व्हायला. तशीच जाळली तर सोसणार नाही."

"मला? सत्तर वर्षांच्या बाईला?"

"कोणालाच सोसत नाही."

समोर नर्मदाबाईंचा मुलगा योगीराज बसला होता. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. नदीवर पोहताना काय, लग्नात हळद लावताना काय, त्यानं कधी अंगातला बनियन काढला नाही. लय लाजाळू हाय माझं पोरगं, असं त्या गावभर कौतुकानं सांगायच्या.

मग तापलेली तार नाकात गेली. जरासुद्धा दुखलं नाही. फक्त जळाल्याचा वास आला, आणि तो त्यांच्या चांगला ओळखीचा होता. डोळ्यांना धार लागली.

"दुखलं का, आजी?"

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. दुखलं नाही याचंच रडू येत होतं, ते मॅडमना कसं सांगणार?

बाहेर येऊन त्या दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. योगीराज रिक्षा बघायला निघाला, तर त्यांनी त्याचा हात धरला.

"चतुराबाईला फोन लाव. म्हणावं, माझ्याकडं येऊ नको. पोरीला दवाखान्यात ने."

योगीराजनं खिशातून फोन काढला. तो नंबर शोधत होता, तेवढ्यात त्यांनी त्याच्या शर्टाच्या खालच्या दोन गुंड्या सोडल्या आणि बनियन वर सारला.

"माय, काय करायलीस? लोक बघायलेत."

"बघू दे."

बेंबीच्या बाजूला तीन पांढरट डाग होते. नर्मदाबाईंनी ते बोटांनी चाचपले आणि त्यांवर हळूहळू फुंकर घालू लागल्या.