फटी बुजवताना

सासूबाईंना चिकटपट्टीचं वेड होतं. सोफ्यावरचे मांजराचे केस त्या उलटी पट्टी हाताला गुंडाळून टिपायच्या. बोटात घुसलेलं कुसळ पट्टी लावून एका झटक्यात उपटायच्या. भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी तिथं पट्टीची फुली मारायच्या, म्हणजे गिलावा उडत नाही म्हणे. बुटाच्या नाडीचं टोक उसवलं, लाव पट्टी. जावयानं मनातल्या मनात त्यांचं नाव चिकटाबाई ठेवलं होतं. उघड म्हणायची त्याची छाती नव्हती.

जावई बसचालक. आगारात सांडलेल्या तेलावरून घसरला आणि नडगीचं हाड मोडून बसला. मांडीपर्यंत प्लास्टर. बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला छापखान्यात कामाला. तिला रजा मिळेना, म्हणून तिची आई येऊन राहिली होती. दोघांचं भांडण नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. चहा हवा का, गोळी घेतली का, एवढंच.

त्या दुपारी तो बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारच्या पलंगावर पडून रस्ता बघत होता. एक कुत्रं शिंकत शिंकत स्वतःभोवती फिरत होतं. त्याला हसू आलं. मग फळवाला भरलेली गाडी तशीच टाकून पळाला, तेव्हा हसू थांबलं. मागच्या बर्फाच्या कारखान्याकडून पांढरं धुकं जमिनीला धरून सरकत येत होतं. भर उन्हात धुकं! आणि मग वास आला, नाकात सुई खुपसावी तसा.

"आई!" तो ओरडला. "आई, लवकर या!"

कोपऱ्यावर अग्निशमन दलाच्या गाडीचा भोंगा बोलू लागला. अमोनियाची गळती झाली आहे. कुणीही बाहेर पडू नये. दारं-खिडक्या लावा, फटी बुजवा.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या त्या एका हातात पाण्याची बादली आणि दुसऱ्या हातात रुंद तपकिरी पट्टीचं रीळ घेऊन. स्वयंपाकघराचं दार मागे ओढून घेत म्हणाल्या, "जावईबापू, खिडकी तुमच्याकडे. मी दारं बघते."

त्यांनी रिळाची लांबलचक पट्टी ओढून दातांनी तोडली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं ती इतक्या घाईनं लावायला घेतली की पट्टी स्वतःलाच चिकटून तिचा बोळा झाला. दुसरीचंही तेच. गर्दीच्या चौकातून एवढी मोठी बस लीलया काढणारा माणूस, पण आता त्याची पाचावर धारण बसली होती. इमारतीतल्या साऱ्यांना दोन धड पाय होते. वेळ आली तर ते पळतील, आणि आपण इथं धोंड्यासारखे पडून राहू, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

"हळू," सासूबाई म्हणाल्या. "आधी एक टोक दाबा, मग सोडत जा."

खिडकी झाली. स्वयंपाकघराचं दार झालं. बाहेरच्या दाराची कुलपाचं भोकसुद्धा बुजलं, उंबऱ्याशी ओला टॉवेल बसला. आणि तेवढ्यात दार वाजलं.

"कोण आहे?"

"मी... वरचा..." पुढे नुसता खोकला.

वरच्या मजल्यावरचे घड्याळजी. म्हातारे, एकटे, दम्याचे. रस्त्यावर पळायला म्हणून निघाले असणार आणि जिन्यातच अडकले असणार.

सासूबाईंचा हात पट्टीकडे गेला.

"उघडू नका!" जावई किंचाळला. आपलाच आवाज त्याला ओळखू आला नाही. "आई, वायू आत येईल. मरू आपण!"

"आणि ते?"

"त्यांना वर जायला सांगा! सांगा ना!"

सासूबाईंनी पट्टी खस्सकन उपटली, तिच्याबरोबर भिंतीच्या रंगाचे पोपडे आले. माणूस मावेल एवढंच दार उघडलं आणि घड्याळजी आत कोसळले. त्यांच्या मागोमाग वासही घुसला. जावयाचे डोळे जळले, घसा आवळला, श्वास अर्ध्यावर थांबला. संपलं, असं त्याला वाटलं.

दार बंद झालं. सासूबाई भराभरा पट्टी लावत वरून खाली आल्या आणि छातीच्या उंचीवर रीळ संपलं. उपटलेली पट्टी पुन्हा लावून बघितली. रंगाच्या पोपड्यांनी भरलेली ती चिकटेना. उरलेल्या फटीवर त्यांनी ओला पदर दाबून धरला आणि खोकत राहिल्या.

जावई पलंगावरून खाली आला. कसा आला, ते त्याला नंतरही सांगता येईना. भीती गेली नव्हती. उलट भीतीनंच त्याला खाली लोटलं होतं. प्लास्टरचा पाय फरफटत, चादर ओढत तो बादलीपर्यंत पोचला. चादर बुडवली, दातांनी फाडली आणि एकेक चिंधी कंगव्याच्या दांड्यानं फटीत कोंबत गेला. पायातून कळा मस्तकात जात होत्या. फट भरली तेव्हा तो तिथंच दाराला पाठ लावून बसला. घड्याळजींच्या तोंडावर सासूबाईंनी ओला रुमाल धरला होता. त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तो थांबू नये, म्हणून जावई कान लावून होता. मनात तो एकेका श्वासाला ढकलत होता.

बऱ्याच वेळानं बाहेरून माणसांचे आवाज आले. मुखवटे घातलेले जवान दारात उभे राहिले. कारखान्यातली गळती बंद झाली होती, वाऱ्यानं धुकं पांगलं होतं.

घड्याळजींना स्ट्रेचरवर घेतलं. जाता जाता त्यांनी जावयाकडे बघितलं.

"तुमचं बोलणं ऐकलं मी दारातून," ते म्हणाले.

जावयानं मान खाली घातली.

"तुमच्या जागी मी काय केलं असतं, देव जाणे."

"आता बोलू नका, दम लागेल," सासूबाई म्हणाल्या, आणि जवानांना जिन्याचं वळण अरुंद आहे म्हणून सांगू लागल्या.

खोली रिकामी झाल्यावर जावयानं विचारलं, "आई, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"नाही कशी? कडी दोनदा सुटली हातातून."

"मग उघडलंत कसं?"

सासूबाईंना हा प्रश्नच जरा विचित्र वाटला. "अहो, ते खोकत होते ना."

त्यांनी त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उठवू लागल्या. जिन्यात बायकोची धावती पावलं वाजली. ती हाका मारत येत होती. इतका वेळ दाबून ठेवलेलं रडं जावयाला तेव्हा फुटलं, सासूबाईंच्या खांद्यावरच.